भोपळ्याच्या शेवया आणि आबांचा अंगठा

उस्मानाबाद
ता. ९ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप आजींच्या चरणी सत्यभामाचा साष्टांग नमस्कार.

आबा पोचले. 'सुखरूप पोचले' असं लिहिणार होते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम तुम्ही त्यांना पाठवताना बघितलीच होती. काल तुमचे नातू त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. रक्त-लघवी तपासली आणि साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली तर जखम भरत येईल. नाही उतरली तर अंगठा काढावा लागेल, आणि उशीर केला तर नुसत्या अंगठ्यावर भागणार नाही. होळी झाली की पुन्हा तपासणार. तोवर आबांचा मुक्काम आमच्याकडंच.

खाण्याचं पथ्य मोठं आहे. भाकरी, पोळी, भात, शेवया, गूळ, बटाटा, सगळं बंद. धान्य जवळजवळ नकोच म्हणाले. अंडी, कोंबडी, दही आणि भाज्या मात्र पोटभर. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांपुढं पाय लांब केला. म्हणाले, "अंगठा घ्या साहेब, भाकरी ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून घरात उपोषण चालू आहे. शेपूची भाजी वाढली तर म्हणाले, "शेळीला घाल." नुसती कोंबडी वाढली तर म्हणाले, "कालवण वाढलंस, जेवण कुठाय?" एकच मागतात सारखं: तुमच्या हातचं कोंबडीचं कालवण आणि त्यात शेवया. मला आधी चेष्टाच वाटली. शेवया दुधात खातात ना?

आजी, मी शाळेतून साडेपाचला घरी येते. स्टोव्ह एकच, आणि नळाला पाणी चौथ्या दिवशी. माहेरी आईनं मला पुस्तकापुढून कधी उठू दिलं नाही, त्यामुळं कोंबडी म्हटलं की मला शास्त्राच्या पुस्तकातली आकृती आठवते. पटकन होईल, त्यात धान्य नसेल आणि आबा खातील, असं काहीतरी कळवा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

आपली,
सत्यभामा


माकणी
ता. १५ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. सत्यभामास पुतळाबाईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. आपल्या पोस्टातल्या शांतलिंगनं वाचून दाखवलं, आणि हे पण त्योच लिहितोय. म्या बोलते तसं लिही, सुधारू नको, असं त्याला बजावलंय. आता गंमत अशी की शांतलिंग लिंगायताचा. अंड्याच्या टरफलाला शिवत न्हाय. आणि आज त्याला कोंबडी शिजवायची लिहायचीय. अजून कोंबडी आली बी न्हाय तर दोनदा पाणी पिऊन झालं त्याचं.

(शिव शिव. — ले. शांतलिंग)

म्हाताऱ्याचं ऐकून हसावं का रडावं कळंना. अंगठा द्यायला निघाला! त्यो काय त्याच्या एकट्याचा हाय व्हय? लग्नात म्या खाली मान घालून उभी होते. ह्याचं तोंड मुंडावळ्यांत. ते कसं हाय ते लई दिवसांनी कळलं. अंगठा तेवढा त्याच दिवशी नीट बघून घेतला. चांगला होता. तोंडाच्या मानानं लईच चांगला. त्यो मला परत पाहिजे, असं त्या डॉक्टरला सांग. म्या सोताच आले असते, पण दुष्काळामुळं म्हैस चाऱ्याच्या छावणीत हाय, आणि तिला माझ्याबिगर दुसऱ्याचा हात चालत न्हाय.

शेवयांचं विचारलंस. सगळं जग दुधात खातं, खरं हाय. पण ह्याचा नळदुर्गला एक दोस्त होता, गुलाबभाई. ईदेला बोलावलं तर म्हातारा गेला दुसऱ्या दिवशी. दूध संपलेलं, शेवया उरलेल्या, आणि चुलीवर कोंबडीचं कालवण. त्या माउलीनं दोन्ही एकात घालून वाढलं. तवापासून ह्याला वाटतं, शेवया देवानं कोंबडीसाठीच केल्यात.

तर आता ऐक. डॉक्टरनं शेवया बंद केल्या त्या गव्हाच्या. भोपळ्याच्या कुठं बंद केल्यात? कोवळा दुधी घे आणि त्याच्या लांब लांब शेवया कर. म्हाताऱ्याचं डोळं अधू झाल्यात. त्याला ताटात लांबडं काय दिसलं की झालं.

कोंबडी गावरान आणू नको. ती शिजस्तवर तुझी दुसऱ्या दिवशीची शाळा भरंल. माझ्या नातवाच्या, व्यंकटच्या दूध संघाच्या पलीकडं कोंबडीवाल्यांची सोसायटी निघालीय म्हणं, पांढऱ्या कोंबड्यांची. तिथली आण. सोसायटीची कोंबडी जन्मात कधी उकिरडा उकरायला गेली न्हाय. मेंबरावाणी बसून खाल्लं. तिला शिजायला कितीसा वेळ?

हाडं काढून बोटाच्या पेराएवढं तुकडं कर. मीठ, हळद, दही लाव. तू पदर खोचून कांदा चिरस्तवर तेवढं मुरणं बास. करडईच्या तेलात कांदा लाल कर, मग आलं-लसूण, मग काळं तिखट, मग कोंबडी. झाकण घाल आणि झाकणात पाणी ठेव. शिजत आली की आपला येसरचा मसाला. दोन मुठी घाल, हात आखडू नको, न्हायतर रस्सा एकीकडं पळतो आणि कोंबडी दुसरीकडं. आणि भोपळ्याच्या शेवया.

काळं तिखट आणि येसर तुझ्याकडं कुठलं असणार? शिकलेल्या बायका पुडीतलं खातात. दोन्ही गाडग्यात भरून, तोंडाला फडकं बांधून सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलंय. मसाल्याला तर डॉक्टरची बंदी न्हाय? मग झालं.

तुझी आजी,
पुतळाबाई

(कोंबडीची हाडं कशी काढायची हे त्या सविस्तर सांगत होत्या. माझी शाई संपली असं मी सांगितलं. शाई भरपूर आहे. — ले. शांतलिंग)


उस्मानाबाद
ता. २३ फेब्रुवारी १९८६

ती. आजींना सा. नमस्कार.

दोन्ही गाडगी पोचली. कंडक्टर म्हणाला, वासानं सगळ्या गाडीला भूक लागली आणि लोक लोहाऱ्यालाच उतरून भजी खायला लागले.

पण आजी, माझी फजिती झाली. तुम्ही शेवया करायला सांगितल्या, कशानं ते सांगितलं नाही. मी किसणी घेतली. सगळा दुधी किसला आणि कोंबडीबरोबरच शिजायला टाकला. हाडं काढताना त्या कोंबडीची मी जी दशा केली ती पाहून तुमचे नातू बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. रात्री जेवायला बसलो तर ताटात पिवळा लगदा. आबांनी चमचा त्यात उभा केला. तो उभाच राहिला. मग मला म्हणाले, "कुणाच्या बाळाचं उष्टावण हाय आज?"

मला रडू आलं. ते बघून त्यांनी सगळा लगदा खाल्ला. खाऊन झाल्यावर म्हणाले, "मसाला तेवढा आमच्या घरचा हाय." त्या एका वाक्यावर मी पुन्हा करून बघणार आहे. शेवया लांब कशा राहतात ते कळवा. आणि पटकन कसं होतं तेही. मला अडीच तास लागले.

आपली,
सत्यभामा


माकणी
ता. १ मार्च १९८६

चि. सत्यभामास आशीर्वाद.

तुझं पत्र शांतलिंगनं दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा त्याची बायको गंगम्मा कपडं वाळत घालता घालता ऐकत होती म्हणून. चमचा उभा राहिला तिथं गंगम्माच्या हातातला धोतराचा पीळ खाली पडला.

किसणी कशाला घेतलीस? किसणी खोबऱ्याला. विळीवर बस. भोपळा उभा धर आणि वरपासून खालपर्यंत पातळ पातळ पापुद्रं काढ. बिया लागल्या की थांब, दुसऱ्या अंगानं सुरू कर. मग चार पापुद्रं एकावर एक ठेवून उभंच चिर, पाटावरच्या शेवईएवढं बारीक. मीठ लावून फडक्यात बांधून ठेव. पाणी सुटंल ते फेकू नको, त्यातच रस्सा कर. आम्ही हितं टँकरमागं घागरी घेऊन पळतोय आणि तू भोपळ्याचं पाणी मोरीत सोडशील!

आणि शेवया अगदी शेवटी. पातेलं उतरायच्या आधी टाक, दोन उकळ्या आल्या की खाली घे. जास्त ठेवशील तर पुन्हा उष्टावण.

हाडं तू काढू नको, बाई. सोसायटीतल्या माणसाला सांग, काढून दे. लाज कसली? त्याचा धंदाच हाय. सकाळी शाळेला जायच्या आधी कांदा-लसूण चिरून ठेव. संध्याकाळी आल्यावर शेवया चिर आणि फोडणी टाक. म्हातारा हात-पाय धुऊन, मिशी पुसून पाटावर बसस्तवर जेवण तयार झालं पाहिजे. त्याला मिशी पुसायला लई वेळ लागतो.

अजून एक. जेवताना त्याच्यासमोर बसू नको. कुणी बघतंय म्हटलं की त्याला नखरं सुचतात. वाढ आणि पाठ कर. म्या इतकी वर्षं तेच केलं. कुणी बघत नसलं की गुमान खातो.

पुतळाबाई

(गंगम्माने काल पुतळाआत्यांच्या पद्धतीने भोपळ्याच्या शेवया करून तुरीच्या वरणात घातल्या. कोंबडीवाचूनही चांगल्या लागतात, हे पुतळाआत्यांना सांगू नये. — ले. शांतलिंग)


उस्मानाबाद
ता. ३० मार्च १९८६

ती. आजींना सा. नमस्कार.

चांगलं आधी लिहिते. तुमच्या शेवया जमल्या! आता घरात पाऊल टाकल्यापासून पाऊण तासात ताट वाढते. आबा ताटलीतून शेवया उचलून उंच धरतात, उजेडाकडं बघतात आणि मग तोंडात सोडतात. परवा शेजारच्या सिताबाई वाटी घेऊन आल्या. आबा म्हणाले, "बाई, हे औषध हाय. रोगी दाखवा, मग घेऊन जा." आता रोज संध्याकाळी पाच वाजल्यापासून पाटावर बसून असतात. महिनाभर एक दाणा धान्य पोटात नाही. साखर उतरणारच अशी माझी खात्री होती, आजी.

काल तपासलं. साखर उतरली नाही. उलट थोडी चढलीच आहे.

डॉक्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी रोज त्यांना पुरणपोळ्या वाढते. काय काय खातात म्हणून विचारलं. मी सांगितलं: कोंबडी, दुधी, दही, अंडं आणि मसाला. ते म्हणाले, "मग म्हातारबुवा चोरून खात असणार. सगळे खातात." जखम तशीच आहे. एप्रिल संपेपर्यंत वाट बघू म्हणाले, त्यानंतर अंगठा ठेवणार नाहीत.

आजी, मला सांगवत नाही, पण आज सकाळी आबांच्या उशीला मुंग्या लागलेल्या दिसल्या. मी कशी बोलणार? तुम्हीच दोन शब्द लिहा. तुमचं ऐकतील.

आपली,
सत्यभामा


माकणी
ता. ५ एप्रिल १९८६

व्यंकटच्या आज्ज्यास पुतळाबाईचा नमस्कार.

ह्या पत्रात तब्येत विचारणार न्हाय. गूळ कुठं ठेवलाय ते विचारते.

नातसून शिकलेली, शाळा करून येते, तुमच्यासाठी विळीवर बसते, आणि तुम्ही उशाला गूळ घेऊन झोपता? मुंग्यांनी चहाडी केलीय. तुम्हाला काय वाटलं, हितं कळायचं न्हाय? तुमच्या खोड्या मला काय नव्या हायेत व्हय? तुळजापूरहून आणलेला पेढा देवाला दाखवायच्या आधी कुणी खाल्ला होता? वर म्हणाला होता, देवीनंच खाल्ला. देवीच्या मिशीला पेढा लागला न्हवता, तुमच्या लागला होता.

पेढ्याचं म्या हसून सोडलं. हे सोडणार न्हाय. एका पायानं खुरडत आला तर म्हैस तुम्हाला ओळखायची न्हाय. म्या बी ओळखायची न्हाय. गूळ काढून द्या.

पुतळाबाई

(आजचं पत्र सांगताना त्या उभ्याच होत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. — ले. शांतलिंग)


उस्मानाबाद
ता. १० एप्रिल, पाडवा

पुतळाबाईस महारुद्रचे सांगणे की,

म्या निजामाच्या शाळेत उर्दू चार यत्ता शिकलो. मराठी मला हात धरून कुणी शिकवली न्हाय, तरी हे पत्र म्या एकट्यानं लिहिलंय. सत्यभामाला दाखवलं न्हाय. शांतलिंगनं अक्षराला नावं ठेवू नये.

मुंग्या आल्या त्या होळीच्या गाठींना. पोरीला शाळेतल्या लेकरांनी साखरेच्या गाठी दिल्या. तिनं ती पिशवी माझ्याच खाटेवर टाकली आणि इसरली. म्या त्या पिशवीकडं तोंड करून सारी रात पडलो. एक गाठ उचलली न्हाय. भवानीची आण. माझ्या हातानं ती पिशवी शेजारच्या सिताबाईला दिली. तिला विचार.

पेढा खाल्ला होता. ते कबूल. तो इसम वेगळा होता, तरणा होता.

हितं आल्यापासून म्या भोपळा आणि तुझ्या मसाल्याची कोंबडी, याबिगर काय खाल्लं न्हाय. भाकरीचा वास आला की म्या गच्चीवर जातो. आणि तू मला चोर म्हणतीस? तेपण शांतलिंगाकडून लिहून? म्हणजे आता गंगम्माला माहीत, छावणीला माहीत, म्हशीला बी माहीत.

लई झालं. डॉक्टरला सांगणार हाय, एप्रिलची वाट बघू नका, अंगठा काढून टाका. बिगर अंगठ्याचा हितंच ऱ्हाईन. तुला तुझी म्हैस.

महारुद्र


माकणी
ता. १७ एप्रिल १९८६

चि. सत्यभामास आशीर्वाद.

पत्र हातात पडल्या पडल्या उठ आणि येसरचं गाडगं चुलीपासून लांब ठेव. रश्श्यात चिमूटभर बी टाकायचं न्हाय. गाईला घाल, शेजारणीला दे, काय करायचं ते कर. काळं तिखट ऱ्हाऊ दे.

का, ते विचारू नको. जुनं झालं असंल. किडं बी झालं असतील. गाडगं मुळात ओलं होतं.

म्हाताऱ्याला दवाखान्यात एकट्याला जाऊ देऊ नको. त्यो अंगठा काढून घ्यायचा म्हणतोय. त्याच्या चपला लपवून ठेव. डॉक्टरला सांग, आजी म्हणाली पंधरा दिवस हात लावायचा न्हाय.

आणि त्याला एवढं वाचून दाखव: "तुम्ही खरं बोलत असाल असं मला आता वाटायला लागलंय. का वाटायला लागलंय ते पुसायचं न्हाय. मुंग्या खोटारड्या असतात." मोठ्यानं वाच, त्याला उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

पुतळाबाई

(खालचं आबांना वाचून दाखवू नये. हे मी पत्र चिकटवताना माझ्या मनाने लिहितोय.

पुतळाआत्या मंगळवारी नवं येसर दळायला गिरणीत गेल्या होत्या. तिखटाच्या यंत्रापुढं बायकांची ही रांग. उन्हाळा आहे, सगळ्यांची तिखटं चालू आहेत. धान्याच्या यंत्रापुढं मात्र कुणी नाही, कारण रेशनची ज्वारी अजून आलेली नाही. आत्यांना छावणीत म्हशीकडं जायची घाई. त्या गिरणीवाल्या माणिकप्पाला म्हणाल्या, हे धान्याच्या यंत्रावर घाल. तो म्हणाला, येसर म्हणजे मसाला, रांगेत थांबा. आत्या कडाडल्या, "मसाला कसला मेल्या? पसाभर गहू, पसाभर ज्वारी, पसाभर हरभऱ्याची डाळ भाजून घातलीय. मसाला नावाला हाय. ह्यात सगळं धान्यच धान्य हाय!"

एवढं बोलल्या आणि तोंड तसंच उघडं ठेवून उभ्या राहिल्या. गंगम्मा मागंच होती. ती सांगते, माणिकप्पानं यंत्र चालू केलं तरी आत्या हलेनात. मग डबा उचलला आणि न दळताच घरी आल्या.

आपल्याकडं येसर तिखटाच्या शेजारी फळीवर असतं. पिठाच्या डब्याशेजारी ते कुणी ठेवत नाही. म्हणून कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि 'दोन मुठी' हे मीच माझ्या हातानं लिहिलं होतं.

त्या दोन रात्री जेवलेल्या नाहीत असं गंगम्मा म्हणते. लेकी, लवकर कळव. — शांतलिंग)


उस्मानाबाद
ता. ११ मे १९८६

ती. आजींना सा. नमस्कार.

आधी अंगठा. अंगठा आहे, आणि राहणार आहे.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी गाडगं उचलून सिताबाईंना दिलं. तुम्ही म्हणता तसंच होतं, आजी. येसर जुनंच झालं होतं. चांगला वास येत होता, पण जुनं होतं. डॉक्टरांकडं मी स्वतः गेले आणि आणखी थोडे दिवस मागून घेतले. चपला मी माझ्या शाळेच्या पिशवीत ठेवत होते. एक दिवस वर्गात वह्यांबरोबर त्याच टेबलावर निघाल्या.

तुमचा निरोप आबांना वाचून दाखवला. म्हणाले, "ऐकू आलं न्हाय, पुन्हा वाच." पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मला कळलं की ऐकू येतंय. मग बराच वेळ मिशी पुसत बसले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पोस्टकार्ड मागितलं, चार वेळा 'पुतळाबाईस' एवढंच लिहिलं आणि फाडून टाकलं.

परवा तपासलं. साखर चांगली उतरली आहे. जखमेच्या कडेनं गुलाबी कातडी धरली आहे. डॉक्टर म्हणाले, "म्हातारबुवा, चोरी सोडली वाटतं." मी म्हटलं, "चोरी त्यांनी कधी केलीच नव्हती." आबा कोर्टातून निर्दोष सुटल्यासारखे दवाखान्यातून चालत बाहेर आले. चालत, आजी.

पथ्य मात्र जन्मभर आहे, आणि आता ते तुमच्या हातात. येसर नाही तर रस्सा दाट कशानं करायचा, यावर मला थोडी खटपट करावी लागली. पण जमलं. आबा दोनदा मागून घेतात. पुढच्या गुरुवारच्या एस.टी.नं त्यांना बसवून देते.

आपली,
सत्यभामा


माकणी
ता. २६ मे १९८६

चि. सौ. सत्यभामास पुतळाबाईचा लई लई आशीर्वाद.

म्हातारा पोचला. एस.टी.च्या पायरीवरच म्या चप्पल काढायला लावली. अख्खी गाडी खोळंबली. कंडक्टर ओरडत होता, "आजी, घरी जाऊन बघा की!" घरी कशाला? कमी निघाला असता तर त्याच गाडीनं परत पाठवला असता. अंगठा नीट हाय. जरा पांढरा पडलाय, तोंड मात्र हाय तसंच.

चोर म्हणाले त्याचं म्या काय बोलले न्हाय. त्यानं बी काय विचारलं न्हाय. त्या दिवशी म्हशीला छावणीतून घरी आणलं, तिनं त्याला हुंगलं. झालं, मिटलं.

आता खरं लिहायचं ते लिहिते. आल्या दिवशी संध्याकाळी म्या सोता विळीवर बसले. तुझ्या सोसायटीवाणी पांढरी कोंबडी मुद्दाम लोहाऱ्याहून मागवली. भोपळ्याच्या शेवया केल्या, केसावाणी. येसर न्हाय, काय न्हाय. वाढलं आणि पाठ केली. मागून आवाजच येईना. वळून बघते तर म्हातारा एक शेवई उचलून उजेडाकडं धरतोय. म्हणाला, "बरं झालंय."

बरं!

माझ्या हातच्या कालवणाला आजवर कुणी 'बरं' म्हणालं न्हवतं. म्या विचारलं, काय कमी हाय? म्हणाला, "कमी काय न्हाय. पण सत्यभामाचा रस्सा दाट असतो. शेवईला धरून ऱ्हातो. ती काय घालती, देव जाणे." दुसऱ्या दिवशी म्या खोबरं वाटून घातलं. म्हणाला, "ह्ये न्हाय." मग तीळ घातलं. "जवळ आलीस, पण ह्ये न्हाय." काल जवस घातलं, तर म्हणाला, "असूं दे गं पुतळे, ज्याच्या त्याच्या हाताला चव असती." आता तूच सांग, ह्या बोलण्यावर बाईमाणसानं काय करावं?

(गंगम्माला दह्याचा चक्का वाटतो. मला खसखस वाटते. आमच्याकडं यावर पैज आहे. — ले. शांतलिंग)

तर सत्यभामा, रश्श्यात काय घालतीस आणि कधी घालतीस, ते उलट टपाली कळव. पण जपून कळव. म्हातारा आता घरीच असतो, आणि तुझं पत्र आलं की माझ्याआधी पोस्टात जाऊन बसतो. म्हणून वर नेहमीचं लिही, तब्येत, पाऊसपाणी, व्यंकटचं काम. खाली जागा सोडून रश्श्याचं लिही. शांतलिंग वरचं मोठ्यानं वाचील आणि खालचं मला गोठ्यात येऊन सांगंल. तसं त्याच्याकडून वचन घेतलंय, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून.

मग एक दिवस म्या तसंच करून वाढीन. त्यो विचारील, आज काय घातलंस? म्या म्हणीन, काय न्हाय, माझं जुनंच होतं, मधी इसरले होते.

तू बी काय बोलायचं न्हाय. स्वयंपाकातलं मला कळतं तेवढं कळायला तुला अजून लई वर्षं लागतील.

उत्तर लवकर दे.

तुझी आजी,
पुतळाबाई